मनगटावरचा क्रूस आणि मावशीआजीचं गोंदण

नागपूरच्या सदरमधल्या आमच्या चर्चच्या कंपाउंडात रविवारची उपासना सुटल्यावर अर्धा तास तरी कोणी घरी जात नाही. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी चहाचे कागदी कप हातात असताना गायनमंडळातल्या गिटारवाल्या पोराने बाही वर सारली आणि त्याच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूचा क्रूस सगळ्यांना दिसला. बोटाच्या पेराएवढा. वर पोळ्या गुंडाळतात तसलं पातळ प्लास्टिक, आत शाईचा जरासा ओघळ, कडेची कातडी लाल. आदल्या संध्याकाळी धरमपेठेत जाऊन टॅटू काढून आला होता.

पाच मिनिटांत दोन पक्ष पडले.

"लेवीय एकोणीस-अठ्ठावीस वाच म्हणा त्याला," एक काका म्हणाले. पोराच्या बाजूच्या कोणीतरी मोबाईलवर तोच अध्याय उघडला. "काका, सत्ताविसावं वचन दाढीबद्दल आहे. तुमची तर आजच केलेली दिसते." हशा झाला, काका चिडले, पाळकसाहेब चहाचा कप घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. मी संडे स्कूल घेतो. पुढच्या रविवारी एका बारा वर्षांच्या मुलीने मला सरळच विचारलं, "सर, टॅटू काढणं पाप आहे का?" तेव्हा घाईत अर्धवट सांगितलं होतं. ते जरा नीट सांगतो.

आधी ते वचन. लेवीय हे बायबलच्या पहिल्या भागातलं, जुन्या करारातलं पुस्तक; त्याच्या एकोणिसाव्या अध्यायातलं हे अठ्ठाविसावं वचन. मेलेल्यांसाठी अंगावर जखमा करून घेऊ नका आणि अंग गोंदवून घेऊ नका, मी परमेश्वर आहे, असा त्याचा अर्थ. संपूर्ण पवित्र शास्त्रात गोंदण्याला थेट मनाई करणारं वचन हे एवढंच. त्यात जो मूळ हिब्रू शब्द आहे, 'कअका', तो शास्त्रात दुसरीकडे कुठेही येत नाही. त्यामुळे तो सुईने टोचून भरलेल्या शाईबद्दल आहे, की डागण्याबद्दल, की रंगाने काढलेल्या खुणेबद्दल, हे अभ्यासकांना आजूबाजूच्या संदर्भावरून ठरवावं लागतं. आपल्या मराठी भाषांतरकारांनी 'गोंदणे' हा शब्द घेतला. शब्द योग्यच आहे, पण त्यामुळे विदर्भातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कनान देश येत नाही, गावाकडच्या म्हातारीचा हात येतो. आमच्याकडच्या वादाची निम्मी गुंतागुंत या एका शब्दात आहे असं मला वाटतं. त्याकडे पुढे येतोच.

संदर्भ असा, की इस्राएल लोक मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेत आणि कनानात पोचायचे आहेत. लेवीयच्या अठराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच त्यांना बजावलंय की जिथून आलात तिथल्यासारखं वागू नका, जिथे चाललात तिथल्यासारखंही वागू नका. त्या भागात कोणी मेलं की शोक म्हणून अंग कापून घ्यायची रीत होती. देवाला जागं करायलाही लोक स्वतःला कापून घेत. कर्मेल डोंगरावर बआल या कनानी देवाच्या संदेष्ट्यांनी सुऱ्या-भाल्यांनी स्वतःला रक्तबंबाळ केल्याची गोष्ट १ राजे १८ मध्ये आहे. शिवाय प्राचीन काळी गुलामाच्या अंगावर मालकाचं किंवा मालकाच्या देवाचं चिन्ह उमटवत. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या लोकांना 'अंगावर खूण करून घेऊ नका' हे का सांगावं लागलं, हे यातून उलगडतं.

आता काकांच्या दाढीचा प्रश्न. तो थट्टेचा वाटला तरी खरा आहे. याच अध्यायात दाढीचे कोपरे कापू नका असं आहे, दोन जातींच्या सुताचं कापड घालू नका असंही आहे. मग टेरिकॉटचा, म्हणजे मिश्र धाग्याचा, शर्ट घालून प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) उभा राहणारा माणूस टॅटूवर बोट कसा ठेवतो? पण थांबा. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वचनही याच अध्यायातलं, अठरावं. तेव्हा 'हे सगळं जुन्या करारातलं, आता लागू नाही' म्हणून अख्खा अध्याय बाजूला सारता येत नाही.

या पेचातून वाट काढायला चर्चमधल्या विद्वानांनी नियमशास्त्राचे तीन भाग कल्पिले. नीतीचे नियम कायमचे. याजक, यज्ञ, शुद्ध-अशुद्ध यांचे नियम ख्रिस्तात पूर्ण झालेले. इस्राएल राष्ट्राच्या कारभाराचे नियम त्या राष्ट्रापुरते. बहुतेक पाळक हेच शिकलेले असतात. अडचण एवढीच, की लेवीयमध्ये कोणतं वचन कोणत्या खणातलं याची चिठ्ठी लावलेली नाही. गोंदणं मूर्तिपूजेशी जोडलेलं होतं म्हणून नीतीच्या खणात, असं एक म्हणतो. ते दाढी-कापडाच्या शेजारी आहे म्हणून दुसऱ्या खणात, असं दुसरा म्हणतो. दोघेही प्रामाणिक असू शकतात.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, टॅटूचा उल्लेखच नाही. पण शरीरावरच्या खुणेवरून पहिल्या ख्रिस्ती मंडळीत केवढं मोठं भांडण झालं होतं हे आपण विसरतो. ती खूण म्हणजे सुंता. यहुदी नसलेल्या माणसाने ख्रिस्ती व्हायचं तर सुंता करावी की नाही, यावर यरुशलेमेत सभा भरली. तिची हकिगत प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये आहे. निर्णय झाला की सुंतेचं ओझं लादायचं नाही. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म, या चार गोष्टींपासून दूर राहा, एवढंच पत्रात कळवलं गेलं. त्या चारांत गोंदण नाही. टॅटूच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, आणि गंमत म्हणजे तो त्यांच्यापैकी फारसं कोणी मांडत नाही.

ते भलतीच वचनं पुढे करतात. प्रकटीकरण १९ मध्ये येशूच्या मांडीवर नाव लिहिलेलं आहे, म्हणजे त्यालाही टॅटू होता, असा एक युक्तिवाद आमच्या तरुणांत जोरात चालतो. तो लंगडा आहे. प्रकटीकरण हे दृष्टांताचं पुस्तक. त्यात त्याच्या तोंडातून तलवारही निघते. यशया ४९ मधलं 'मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे' हे वचन कितीही जवळचं असलं तरी तेही काव्य आहे. त्यापेक्षा यशया ४४:५ पाहा. तिथे एक जण आपल्या हातावर 'परमेश्वराचा' असं लिहील, असं म्हटलंय आणि तेही कौतुकाने. म्हणजे हातावर लिहिणं या कल्पनेचीच शास्त्राला किळस होती असं म्हणता येत नाही. खूण कोणाची आहे, यावर सगळा भर.

पहिल्या पिढीतला प्रेषित पौल हीच गोष्ट आणखी टोकाला नेतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो म्हणतो, सुंता झाली काय नि न झाली काय, त्याला महत्त्व नाही. आणि एकच वचन सोडून म्हणतो, मी येशूच्या खुणा अंगावर बाळगून आहे. इथला ग्रीक शब्द आहे 'स्टिग्मा'. त्या काळी गुलामांना, पळून जाताना सापडलेल्यांना, गुन्हेगारांना जी खूण टोचत किंवा डागत, तिला हा शब्द होता. पौलाच्या अंगावर शाई नव्हती, वळ होते. पाच वेळा एकोणचाळीस फटके खाल्ल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तो म्हणतोय, मी कोणाचा गुलाम ते माझ्या पाठीवर वाचा.

विरोधकांचं आवडतं वचन १ करिंथ ६:१९, 'तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे'. त्यावर पोरं विचारतात की मंदिराच्या भिंतीवर नक्षी नसते का? उत्तर पटकन सुचत नाही, पण आहे. पौल तिथे करिंथमधल्या वेश्यागमनाबद्दल बोलतोय, सजावटीबद्दल नाही. आणि पुढच्याच ओळीत तो म्हणतो की तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहात. भाड्याच्या घरात खिळा ठोकायच्या आधी आपण घरमालकाला विचारतो ना, तसं काहीसं. खिळा वाईट असं नाही. भिंत आपली नाही, एवढंच.

यानंतरचा इतिहास बहुतेकांनी ऐकलेलाच नसतो. रोमी राज्यात शिक्षा म्हणून कपाळावर खूण करत. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३१६ च्या सुमारास हुकूम काढला की शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर खूण करायची नाही, करायचीच तर हातावर किंवा पोटरीवर करा. कारण चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिमेनुसार घडलेला आहे. पुढे मोबाईलवर एक मेसेज फिरतो, की ७८७ साली पोपने टॅटूवर बंदी घातली. त्या वर्षीची नोंद आहे, पण वेगळी. पोपचे दूत इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रियात गेले होते. त्यांच्या अहवालात विदेशी रिवाजाप्रमाणे अंग रंगवणाऱ्यांना फटकारलंय, आणि त्याच जागी असंही म्हटलंय की कोणी देवासाठी असा त्रास सोसला तर त्याला मोठं प्रतिफळ मिळेल. मेसेज करणाऱ्याने अर्धंच वाक्य उचललं.

मिसरमधल्या कॉप्टिक, म्हणजे तिथल्या प्राचीन चर्चच्या, ख्रिस्ती लोकांत उजव्या मनगटावर आतून छोटा क्रूस गोंदवायची रीत शतकानुशतकं आहे. अगदी लहान मुलांच्याही हातावर असतो. मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशात तो हात म्हणजे ओळखपत्र. चर्चच्या दारावर पहारा असला की मनगट दाखवून आत जाता येतं. इथिओपिया आणि एरिट्रियात तर कपाळावर क्रूस गोंदवलेल्या बायका दिसतात. यरुशलेमेच्या जुन्या शहरात रझूक नावाचं मूळचं कॉप्टिक घराणं यात्रेकरूंना गोंदून देतं. हे काम आपल्याकडे सातशे वर्षं आहे असं ते सांगतात. त्यांच्याकडे लाकडाचे कोरीव ठसे आहेत. ठसा आधी कातडीवर उमटवायचा आणि त्या रेषेवरून सुई चालवायची, आपल्याकडे छपाईच्या साडीला ठसा मारतात तसं. यात्रा पुरी केल्याची ती पावती. इंग्लंडचा पुढे सातवा एडवर्ड झालेला युवराज १८६२ मध्ये यरुशलेमेला गेला, तेव्हा त्यानेही हातावर क्रूस काढून घेतला होता.

मग एकाच शास्त्राच्या लोकांत एवढा फरक का? माझं उत्तर असं: जिथे आसपासचे लोक गोंदवत नव्हते तिथे ख्रिस्ती माणसाने गोंदवून घेतलं, आणि जिथे आसपासचे सगळेच गोंदवत होते तिथे त्याने सोडलं. कैरोत मनगट कोरं असेल तर तुम्ही बाकीच्यांतले. उमरेडकडच्या खेड्यात हात कोरा असेल तर तुम्ही वेगळे.

आमच्या मावशीआजीला, म्हणजे माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीला, विचारा. ती उमरेडच्या बाजूची. आठ वर्षांची असताना गोंदणारी बाई गावात आली. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी तेलात कालवलेली. हनुवटीवर एक ठिपका, डाव्या हातावर पाच ठिपक्यांचं फूल, विंचू आणि मनगटाच्या वर तुळशी वृंदावन. "मले तं चौघींनी धरून ठेवलं होतं," ती सांगते. "त्या बाईनं गाणं म्हटलं, म्हणे रडू नको, सोनं इथंच राहते, हे तुझ्यासंगं वर येते." ही समजूत या मुलखात घरोघरी होती. दागिने मेल्यावर काढून घेतात, गोंदण कोणी काढू शकत नाही. आज ते वृंदावन ओळखू येत नाही, हिरवट डाग दिसतो. काळी शाई कातडीखाली गेली की प्रकाशामुळे निळी-हिरवी दिसू लागते, आणि वर्षं गेली की रेषा पसरतात. कातडीचा वरचा थर झडत असतो, पण शाई त्याच्या खालच्या थरात असते. तिथल्या पेशी तिला परकं समजून गिळतात आणि तिथेच धरून बसतात. म्हणून ती टिकते.

मावशीआजी लग्नानंतर ख्रिस्ती झाली. अशा घरांत गोंदण म्हणजे फॅशन नव्हती, मागे सोडलेलं घर होतं. वृंदावन तिच्या हातावर, आणि तुळस आता अंगणात नाही. म्हणून आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी टॅटूला नाक मुरडलं की मी त्यांना मागासलेले म्हणत नाही. त्यांनी लेवीय वाचून मत बनवलेलं नाही. मत आधीच बनलं होतं, वचन नंतर सापडलं. गिटारवाल्या पोराच्या पिढीला त्या घराची आठवणच नाही. त्याच्यासाठी गोंदण म्हणजे क्रिकेटपटूंचे गोंदलेले दंड. त्याच्या कॉलेजात कोणाच्या हातावर महादेव आहे, कोणाच्या हातावर बाबासाहेबांची सही आहे. त्यात आपण कोण ते दिसावं, असं त्याला वाटलं. म्हणजे तो नकळत कैरोच्या बाजूला गेला.

नागपुरात कोण काय म्हणतं, ते थोडक्यात. कॅथलिक चर्चची टॅटूवर बंदी नाही. मार्च २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस तरुणांशी बोलताना म्हणाले होते की टॅटूंना घाबरू नका, आणि त्यांनी दाखला दिला तो एरिट्रियातल्या कपाळावरच्या क्रूसाचाच. तरी सेमिनरी हिल्सवरच्या कोणा फादरला विचारलंत तर 'आधी आईला विचारलंस का' हाच प्रश्न येईल. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तर याच शहरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झालं. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती ज्या चर्चने एका छपराखाली ठेवल्या, तिथे टॅटूवर एकमत व्हावं अशी अपेक्षाच चुकीची. तिथले पाळक बहुधा पौलाच्या रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढतात: एक जण सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला खातो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला अडखळण होऊ नये. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या सगळ्यात कडक. त्यांतल्या केरळच्या परंपरेत तर पुष्कळ जण सोन्याचे दागिनेही घालत नाहीत, तिथे टॅटूची गोष्टच सोडा. प्रकटीकरण १३ मधली श्वापदाची, म्हणजे देवाच्या शत्रूची, खूण हाही त्यांच्यातल्या काहींचा धसका. उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण असल्याशिवाय विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, असं तिथे आहे. बारकोड आला तेव्हा हीच भीती होती, आधार कार्ड आलं तेव्हाही. पण पुढचाच अध्याय उघडा. तिथे कोकऱ्याबरोबरच्या, म्हणजे येशूबरोबरच्या, लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे. दोन्ही बाजूंना खुणा आहेत, आणि पुन्हा तोच प्रश्न: कोणाची?

संडे स्कूलच्या मुलांना मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, शास्त्राबाहेरच्या. आमच्याकडची बरीच पोरं पहाटे मैदानावर भरतीसाठी धावतात. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र असल्यामुळे ते स्वप्न इथे जवळचं. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूचा आणि तळहाताच्या मागच्या बाजूचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रीतीप्रमाणे सूट आहे. बाकीच्यांचा मानेवर, दंडावर असला तर मैदानातूनच परत. दुसरं म्हणजे रक्तदान. टॅटू काढल्यावर वर्षभर तुमचं रक्त घेत नाहीत, कारण सुई स्वच्छ नसेल तर कावीळ ब, क आणि एचआयव्हीचा धोका असतो. जत्रेतल्या मशीनवाल्याकडे एकच सुई किती हातांवर फिरते ते उभं राहून पाहा. नव्या सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. न फोडणाऱ्याकडे हात देऊ नका, मग तो क्रूस काढो नाहीतर गुलाब.

राहिला एक प्रश्न, जो कंपाउंडात कोणी विचारला नाही. ज्यांच्या अंगावर आधीच दुसऱ्या देवाचं नाव आहे आणि जे नंतर विश्वासात आले, त्यांनी काय करायचं? आजकाल लेझरने काढतात. पुष्कळ वेळा जावं लागतं, दुखतं, आणि सगळं निघेलच असं नाही. माझ्या माहितीतल्या कोणत्याही पाळकाने बाप्तिस्म्यासाठी अशी अट घातलेली नाही. शास्त्रातही तसं काही नाही. मावशीआजीलाही तिच्या वेळच्या पाळकांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

तरी मावशीआजी लांब बाह्यांचं पोलकं घालते. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांवर जातं, चर्चमधले पंखे गरम हवा फेकतात, आणि ती मनगटापर्यंत बाही ओढून प्रभुभोजनाला पुढे जाते. मी लहानपणापासून हेच पाहतोय. त्या रविवारी तिनेही गर्दीत वाट काढून गिटारवाल्या पोराचा हात धरला, चष्मा वर सरकवून क्रूस जवळून पाहिला.

"दुखलं का रे?"

"नाही आजी, फार नाही."

"मंग बारीक टोचलं असंन. उडून जाईन." तिने त्याचा हात सोडला. तिला चहा आणून देताना मी विचारलं की आता तरी आखूड बाह्या का घालत नाहीस, उकाडा किती आहे. ती म्हणाली, "पोलकी सगळी लांब बाह्यांचीच शिवली हायत न."